मोरचुदाचा कौल

१

तोंडवलीच्या खाडीकाठी जकातीचा जुना नाका होता. नाका म्हणजे एक लांबट खोली. दार गावाकडं, खिडकी खाडीकडं. जकात केव्हाच बंद झाली होती; माल तोलायचा मोठा काटा तेवढा कोपऱ्यात उरला होता. १९६२ ची दिवाळी संपली तेव्हा सरहद्दीवर लढाई पेटली होती, आणि सत्यवान कांदळगावकर रोज सकाळी आठ वाजता या खोलीत येऊन माणसांचं रक्त तपासत बसला होता.

सत्यवान गावच्या धर्मादाय दवाखान्यातला कंपाउंडर. त्याआधी नऊ वर्षं मुंबईच्या एका इस्पितळात प्रयोगशाळेत काढलेला, त्यामुळं हे काम त्याच्याच गळ्यात पडलं. अठरा नोव्हेंबरला, रविवारी, जवानांसाठी रक्त घ्यायला डॉक्टरांचं पथक येणार होतं. पथक एक दिवस थांबणार, तेवढ्यात सगळ्या गावाची तपासणी व्हायची नाही, म्हणून पात्र माणसांची यादी आधी करून ठेवा, असं पत्र आलं होतं. सोबत नियमांचा छापील कागद. वय अठरा ते साठ. वजन शंभर पौंडांच्या खाली नको. वर्षभरात हिवताप नको, कधीही कावीळ झालेली नको, बाईचं सहा महिन्यांत बाळंतपण झालेलं नको. असं बरंच काही. सत्यवानला नियम आवडायचे. नियम का केला असेल हे शोधून काढायची त्याला खोडच होती.

सगळ्यात शेवटी थेंबाची तपासणी. उंच काचेच्या पेल्यात मोरचुदाचं पाणी, निळंशार, ठरावीक जाडीचं. बोट टोचून रक्ताचा एक थेंब वरून सोडायचा. रक्त कसदार असेल तर ते त्या पाण्याहून जड, थेंब सरळ तळाला जातो. पातळ असेल तर वर तरंगतो. तळाला गेला तर माणूस पात्र. पेला खिडकीत ठेवलेला असायचा; उन्हानं समोरच्या भिंतीवर निळा डाग पडायचा, आणि थेंब सुटला की त्या डागातून एक काळा ठिपका उतरत जायचा.

थेंब उतरला की सत्यवान नावासकट हाक द्यायचा, "बुडला!" मग टेबलाशी बसलेला लवू वहीत लिहायचा, 'पात्र'. लवू म्हणजे या नाक्याचाच जुना शिपाई. नाका गेला, नोकरी गेली, तरी किल्ली त्याच्याकडंच राहिली होती.

तीन दिवसांत अकरा माणसं तपासून झाली. चौथ्या दिवशी कुणी आलंच नाही. अकराच्या सुमारास काठी टेकत दाजी आले. तीस वर्षं गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, म्हणून काढलेला माणूस. गावात त्यांच्या शब्दाला मान होता.

"कंपाउंडरानू," दाजी उंबऱ्यातूनच म्हणाले, "तुमी हयसर बसान काय वरडतास?"

"खंय काय वरडतंय? रगत तपासतंय."

"तपासा मा. पण 'बाबू, बुडला', 'अमको, बुडला', ह्या कित्याक? भायर तेंची बायका-पोरां उबी आसतत. आमच्या हयसर दर्यावर जाणाऱ्याच्या नावाफुडे ह्यो शब्द कोण घेणा नाय. परत नाय इलो, तर 'लांबलो' म्हणतंव. त्या दिसा बाबूची बायल रडान रडान जेवली नाय."

सत्यवानला हसू आलं, पण ते त्यानं आतल्या आत दाबलं. दाजींचा मुलगा शंकर दीड वर्षामागं देवगडहून आंबे भरून मुंबईला निघाला होता. गलबतावर चौघे होते. तिघांची प्रेतं मिळाली. शंकर अजून 'लांबलेला' होता.

"मगे काय म्हणू?"

दाजींनी क्षणभर विचार केला. "पावलो म्हणा. तळाक पावलो. बरो शब्द आसा."

"ठीक. पावलो तर पावलो," सत्यवान म्हणाला. एका शब्दानं असं काय होणार होतं!

२

दुसऱ्या दिवशी दाराबाहेर रांग लागली. सत्यवान खूश झाला. पण रांग नीट पाहिल्यावर त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. सत्तरीच्या रुक्मिणीबाई काट्यावर उभ्या राहिल्या आणि वय विचारल्यावर बेधडक म्हणाल्या, "पंचेचाळीस."

"आजी, तुमचो झील पन्नास वर्सांचो आसा."

"तो जरा आदीच झालो," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

हिवतापानं पिवळा पडलेला एक जण मला कधी थंडीसुद्धा वाजली नाही म्हणून शपथ घेत होता. अंगावरचं मूल शेजारणीच्या काखेत देऊन एक बाई आली होती. जन्मात दवाखान्याची पायरी न चढलेली माणसं बोट टोचून घ्यायला खोटं बोलत होती. बरं, टोचून झालं की प्रत्येकाचे ओठ हलायचे, आणि डोळे पेल्यावर खिळून राहायचे.

"ह्यो काय प्रकार?" सत्यवाननं लवूला विचारलं.

लवूला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "कौल लावतत. तुमीच वरडतास मा, पावलो म्हणान?"

तेव्हा सत्यवानच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. देवळात देवाच्या अंगावर पाण्यानं पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार. होकार मिळाला की म्हणायचं, देव पावलो. तोच शब्द तो रोज सकाळी खिडकीत उभा राहून, निळ्या पाण्याकडं बघत, खड्या आवाजात म्हणत होता! थेंब तळाला गेला की होय, तरंगला की नाही. त्याच्या हातूनच या पेल्याचा देव झाला होता.

त्यानं सगळ्यांना बाहेर बसवून समजावलं. लोह म्हणजे काय, पाण्याची जाडी म्हणजे काय. लोकांनी फार मनापासून ऐकलं, आणि व्याख्यान संपल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "व्हय म्हाराजा!" देवळात गाऱ्हाणं संपल्यावर म्हणतात तसंच.

राग आला तरी सत्यवानचं कुतूहल त्याहून मोठं होतं. त्यानं वहीच्या मागच्या पानावर लिहायला सुरुवात केली: कोणी काय विचारलं, थेंबानं काय केलं, पुढं काय झालं. मथुरेनं विचारलं, झिलाचं पत्र येईल का. थेंब बुडाला, दुसऱ्याच दिवशी पत्र आलं. बरं, पत्रं येतातच. हरवलेली म्हैस मिळेल का, थेंब बुडाला, म्हैस मिळाली. म्हैस जाणार कुठं? रक्त चांगलं होतं म्हणून थेंब बुडाले, आणि दिवस चांगले होते म्हणून बाकीचं झालं. असं त्यानं खाली लिहून ठेवलं आणि त्याला बरं वाटलं.

३

मग बाबू आला. बाबू म्हणजे रापण, किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, ओढणारा, दंडाची बेटकुळी नारळाएवढी असलेला माणूस. त्याचं रक्त पहिल्याच दिवशी तपासून झालं होतं, दगडासारखं तळाला गेलं होतं.

"परत कित्या इलंस?"

"एक विचारूचा ऱ्हवला," बाबू ओशाळून म्हणाला.

सत्यवाननं नाही म्हणायला हवं होतं. त्यानं बोट टोचलं. थेंब पाण्यात पडला आणि वरच तरंगत राहिला. पाच सेकंद, दहा, पंधरा. बाबूचा चेहरा उतरला.

पाच-सहा दिवसांत रक्त इतकं पातळ होत नाही. सत्यवाननं पाणी बदललं, सुई बदलली. "आता काय एक इचारू नको," तो बाबूला म्हणाला. "डोक्यात काय एक आणू नको." दुसरा थेंब सरळ तळाला गेला. "आता परत तोच विचार." तिसरा थेंब तरंगला.

माणूस एक, पाणी एक, बोटसुद्धा एक. बदलला होता तो फक्त प्रश्न.

खिडकीखाली ओहोटीच्या चिखलात खेकड्यांची बारीक कुरकुर चालली होती. सत्यवानला एकदम मोठा आनंद झाला, मुंबईत सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा जंतू हलताना पाहिले तेव्हा झाला होता तसा. भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

"काय विचारलंस?" त्यानं विचारलं.

"उद्या भायर जाव काय," बाबू म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी बाहेर गेला नाही. त्या दिवशी दर्या शांत होता. बाकीचे गेले आणि सुखरूप परत आले. वहीत सत्यवाननं लिहिलं, 'यावरून काहीच सिद्ध होत नाही.' त्याखाली दोन रेघा ओढल्या.

४

गुरुवारी नर्मदा आली. दाजींची सून, शंकरची बायको. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. दाजी मागोमाग येऊन दारात उभे राहिले.

वजन एकशे चार पौंड भरलं. हिवताप नाही, कावीळ नाही. मग कागदावरचा नववा नियम आला, आणि सत्यवान अडखळला. तो अडखळला की सरकारी मराठीवर जायचा.

"विवाहित स्त्रीला पतीची लेखी संमती लागते. सही किंवा अंगठा. आणलीत?"

"ते हयसर नाय."

"कुठं आहेत?"

गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट विचारताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. नर्मदा मात्र शांतपणे म्हणाली, "लांबलेत."

"रकान्यात तसं लिहिता येत नाही, नर्मदाबाई. विधवा असाल तर संमती लागत नाही. सधवा असाल तर लागते. दोन्हीपैकी एक काहीतरी मला लिहायलाच पाहिजे."

"माझो भाव थंय सरहद्दीर आसा," ती म्हणाली. "गणपत. पत्र येवन म्हयनो झालो. माझा रगत तेकाच मेळतला असा नाय, पण कोणाक तरी मेळात मा? माका दिवचा आसा."

"माझी सही चलात काय?" दाजींनी विचारलं.

"सासऱ्याची चालत नाही."

दाजी काठीकडं बघत म्हणाले, "सुने, मी कवाधरना सांगतंय. दर्भाचो पुतळो करून शंकराचे दिवस घालूया. तुझोय जीव सुटात, माझोय सुटात."

"तिगे गावले, ते गावले नाय," नर्मदा म्हणाली. "जो गावलो नाय तेका तुमी जाळतलास कसो?" मग तिनं सत्यवानपुढं बोट धरलं. "कागदाचा काय ता मागसून बघा. रगत तरी तपासा."

तिचे ओठ हलले. सत्यवाननं थेंब सोडला. भिंतीवरच्या निळ्या डागातून ठिपका खाली येऊ लागला, आणि अर्ध्यावर थांबला.

वर गेला नाही, खाली गेला नाही. लवू टाक हातात धरून वाट बघत होता. एक मिनिट झालं, पाच झाली.

"काय लिवू?" लवूनं शेवटी विचारलं.

रक्त आणि पाणी बरोबर सारख्या जाडीचं असेल तर असं होतं, असा दोनतीन क्षण थांबलेला थेंब सत्यवाननं मुंबईत पाहिला होता. त्यानं नवं पाणी भरलं, दुसरा पेला घेतला, पुन्हा बोट टोचलं. तो थेंबही अर्ध्यावरच थांबला. दोन पेले शेजारी शेजारी, दोन थेंब एकाच उंचीवर.

"काय विचारलात?"

"ते आसत की नाय," नर्मदा म्हणाली. तिनं बोट पदरात गुंडाळलं. थेंबाकडं बघताना ती हसत होती.

५

दोन पेल्यांपैकी एक त्यानं वरती ताटली झाकून कोनाड्यात ठेवला. मोरचुदाच्या पाण्यात रक्ताचा थेंब फार टिकत नाही. अर्ध्या तासात फुटून त्याचा गाळ होतो. शुक्रवारी सकाळी कुलूप उघडून पाहिलं तर थेंब होता तसाच, गोल, काळपट लाल. सत्यवाननं काचेला थेंबाच्या उंचीवर दोरा बांधला. शनिवारी थेंब दोऱ्याच्या खाली उतरला होता. एका तांदळाएवढा. दुपारपर्यंत आणखी एक तांदूळ.

ते दिवस पौर्णिमेच्या अलीकडचे. उधाणाची भरती चढत होती. एरवी खिडकीखाली चिखल असायचा, आता दुपारच्या आत पाणी नाक्याच्या भिंतीला लागायचं. शनिवारी रांग संपवून सत्यवान एकटाच बसला होता, तेव्हा खिडकीच्या बाहेरून, खालच्या अंगाला, लाकडावर काहीतरी आपटलं. एकदाच. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा. ओंडका असेल म्हणून तो खिडकीतून वाकला. खाली हिरवट पाणी होतं, वर काही तरंगत नव्हतं. पाणी अजून चार हात खाली होतं. पण खिडकीच्या बाहेरच्या फळीवर ओल होती, तळहाताएवढी, बाकी सगळी फळी उन्हानं कोरडी ठणठणीत.

लाटेचा शिंतोडा, तो मनाशी म्हणाला. पण शिंतोडा एवढ्याच जागी कसा पडेल, हाही प्रश्न त्यानंच विचारला. उत्तर सापडलं नाही, तेव्हा त्याला पहिल्यांदा खोली मोठी वाटली. कोपऱ्यातला काटा फार लांब उभा होता.

मग त्यानं स्वतःचं बोट टोचलं. नव्या पाण्यावर हात धरून मनात नीट, स्पष्ट विचारलं: शंकर बुडाला काय? थेंब सरळ तळाला गेला. झालं तर. दीड वर्षांपूर्वीच सगळ्यांना कळलेली गोष्ट. त्यानं उसासा सोडला, आणि निघता निघता, केवळ प्रयोग पुरा व्हावा म्हणून, दुसरं बोट टोचून विचारलं: शंकर येणार काय?

तोही थेंब सरळ तळाला गेला.

सत्यवान पेल्याकडं बघत बसला. माझं रक्त चांगलं आहे, त्यानं स्वतःला समजावलं. मी काहीही विचारलं असतं तरी ते बुडालंच असतं. बाबूचा थेंब मग का तरंगला, हे त्यानं त्या दिवशी स्वतःला विचारलं नाही.

६

रविवारी तो दाजींच्या घरी गेला. नर्मदा खळ्यात वाळत घातलेलं भात पायानं सारखं करत होती. दाजी ओटीवर बसले होते. सत्यवान न बसताच बोलायला लागला. या पाण्याला काही कळत नाही, त्यानं सांगितलं, 'पावलो' हा शब्द माझ्या तोंडून आला ही माझी चूक. तुमचं उभं आयुष्य त्यावर ठेवू नका. उद्या यादीचा शेवटचा दिवस. उद्या संमती नसेल आणि दुसरं काही सांगणार नसाल, तर मला नाव गाळावं लागेल.

नर्मदेनं सगळं ऐकून घेतलं. "तुमी बऱ्यासाठी सांगतास. पण एक सांगा. थेंब खाली येता असा लवू सांगता, ह्या खरा की खोटा?"

खोटं बोलून मोकळं व्हावं असं त्याला फार वाटलं. पण हा माणूस वहीत काही चुकीचं लिहिणारा नव्हता. "येता," तो म्हणाला.

"कितपत ऱ्हवलो?"

"दोन बोटां."

"मगे उद्या संमती मेळात," नर्मदा म्हणाली, आणि भात सारखं करायला लागली. तिच्या बांगड्या वाजत होत्या. दीड वर्षात तिला एवढं हलकं चालताना कुणी पाहिलं नसेल.

दाजी सत्यवानला सोडायला बेड्यापर्यंत, आवाराच्या फाटकापर्यंत, आले. मुलगा यायचा कौल मिळतोय म्हटल्यावर बापाच्या तोंडावर काहीतरी उमटायला हवं. दाजींचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"कंपाउंडरानू, तीस वर्सां मी तांडेल होतंय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "दीड वर्सान दर्यातसून जो येता, तो कसो येता ता माका म्हायत नाय. म्हायत करून घेवचाय नाय."

"तसं काही नसतं, दाजीनू."

"नसता मा? मगे उद्या खिडकी बंद ठेवशात?"

ठेवीन, असं सत्यवान म्हणाला नाही. त्याला बघायचं होतं. त्याला त्याची शरम वाटली, तरीही त्याला बघायचं होतं.

७

सोमवारी उधाणाची भरती साडेअकराला होती. साडेदहापासूनच पाणी भिंतीवर थपथपत होतं. लवूनं बाकीच्या लोकांना घरी पाठवलं. खोलीत चौघेच होते: टेबलाशी सत्यवान आणि लवू, काट्याच्या कडेला दाजी, आणि समोर बाकावर नर्मदा. ती नवी साडी नेसून आली होती. खिडकी उघडी होती. नर्मदेचा पेला कोनाड्यातून खिडकीत आणून ठेवला होता, आणि भिंतीवरच्या निळ्या डागात ठिपका जवळजवळ खालच्या कडेला टेकला होता.

सत्यवाननं वही उघडली. आपला आवाज नेहमीसारखा निघतोय याचं त्याला बरं वाटलं. "नर्मदाबाई, संमती आणलीत?"

"वायच थांबा."

थपथप थांबली. पाणी अगदी काठोकाठ चढलं की एक क्षण असा येतो, भरतीही नाही आणि ओहोटीही नाही. कावळेसुद्धा ओरडत नव्हते. भिंतीवरचा ठिपका उतरला आणि टेकला.

"पावलो," लवू म्हणाला. इतक्या दिवसांची सवय; शब्द त्याच्या तोंडून आपसूक गेला.

आणि खिडकीच्या खालून, जिथं दोन पुरुष पाणी होतं तिथून, कुणीतरी विचारलं, "अंगठो खंय लावचो?"

आवाजात भीतीदायक असं काही नव्हतं. किंचित घोगरा, दमलेला, कचेरीच्या खिडकीशी बराच वेळ उभ्या राहिलेल्या माणसाचा आवाज. आणि सत्यवान, ज्यानं गेल्या दहा दिवसांत हा प्रश्न शंभर वेळा ऐकला होता, मान वर न करता बोलून गेला, "इथं, या रकान्यात."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. टाक त्याच्या हातातून गळून पडला.

दाजी मटकन खाली बसले होते. नर्मदा उठली. तिचा चेहरा असा उजळला होता की त्याच्याकडं बघवत नव्हतं. तिनं टेबलावरची वही घेतली, शाईची डबी घेतली.

"सुने," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "झील माझोच आसा. आवाज वळाखतंय मी. म्हणानच सांगतंय, जाव नको."

ती गेली. चार पावलं फक्त. डबी फळीवर ठेवली, वही उघडी धरली, आणि खाली वाकली.

सत्यवानला तिची पाठ दिसत होती. पाठीवर ऊन पडलं होतं. ती तशीच वाकून राहिली, किती वेळ ते त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही. फळीच्या कडेवर बाहेरच्या बाजूनं काहीतरी येऊन टेकलं, फिकट, सुजट, ओलं. बोटं असावीत, पण माणसाच्या हाताला जिथं अंगठा असतो तिथं त्याला काही दिसलं नाही. नर्मदेनं वही हळूच मागं घेतली आणि मिटली. मग आपला हात त्या ओल्या वस्तूवर ठेवला. माणूस तापानं फणफणला की कपाळावर ठेवतात तसा.

"दमलास तुमी," ती म्हणाली. किती हळू बोलली, तरी खोलीत प्रत्येकाला ऐकू आलं. "जावा आता. माझी काळजी करू नकात. जावा."

मग भिंतीवर पाण्याची थपथप पुन्हा सुरू झाली. ओहोटी लागली होती.

सत्यवान उठला. त्याचे पाय खिडकीकडं वळले. इतक्या दिवसांच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर तीन पावलांवर होतं. नर्मदेनं मागं न बघताच हात आडवा केला.

"तुमी बघू नकात," ती म्हणाली. तिनं खिडकीची दोन्ही दारं ओढली आणि कडी घातली. भिंतीवरचा निळा डाग गेला. खोलीत अंधार झाला नाही, दारातून उजेड येतच होता, पण सगळे एकदम म्हातारे दिसायला लागले.

ती बाकावर येऊन बसली. तिचा उजवा हात कोपरापर्यंत ओला होता. दाजी जमिनीवर बसून काठीवर कपाळ टेकून रडत होते, आवाज न करता, खांदे हलवत. तिनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं, मग सत्यवानकडं.

"लिवा," ती म्हणाली.

"काय लिहू?"

"विधवा."

लवूनं मान फिरवली. सत्यवाननं तिच्या हातातून वही घेतली. पान भिजून शाई पसरली होती, गुरुवारची ओळ वाचता येत नव्हती. वाचता न येणारी ओळ खोडून सगळी माहिती नव्यानं भरावी, असाही एक नियम होता. त्यानं ती ओळ खोडली. मग नवीन ओळीवर नाव लिहिलं. रकान्यात तिनं सांगितलेला शब्द लिहिला. आणि पुढचा प्रश्न विचारला.

"वय?"

"सत्तावीस," नर्मदा म्हणाली.